निळा पडलेला रॉड

फोन वाजला तेव्हा फरशीवाला एका परक्या घराच्या न्हाणीघरात गुडघ्यांवर बसून कोपऱ्यातली फरशी बसवत होता. दोन्ही हात सिमेंटने भरलेले. त्याने मनगटाने बटण दाबलं आणि फोन मान वाकडी करून खांद्यात धरला. पलीकडे सासरे होते.

"गाडीत तेल कधी पाहिलं होतं?"

ना नाव, ना विचारपूस, एकदम तेल. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मामा, मी कामावर आहे. गाडी तुमच्या मुलीची, तेलही तीच बघते. बंद पडली असेल तर तुम्हीच जा ढकलायला."

फोन कटला असं त्याला वाटलं. मग सासरे म्हणाले, "इंजिन जाम झालं. उतारावर. मागचं चाक अडकलं आणि ती पडली." आणि त्यानंतर, जसं काही हे सांगायचं राहूनच गेलं होतं अशा आवाजात, "गेली."

त्याने हातातली फरशी जागेवर ठेवली आणि नेहमीच्या सवयीने मुठीने दोनदा ठोकली. फरशी पाणसळीत, सपाट बसली. मग तो उठला. गुडघे भिजलेले होते.

सासऱ्यांना सगळी गल्ली फोरमन म्हणायची. बसच्या डेपोत आयुष्य काढलेला माणूस. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी एक जुनी, जाडजूड, एका सिलिंडरची मोटरसायकल उभी केली होती, भंगारातून आणून, तुकड्या तुकड्याने. मुलगी शेडमध्येच लहानाची मोठी झाली. तिला घरात ठकी म्हणायचे. ठकी पाने ओळखायला आधी शिकली, अक्षरं नंतर. लग्न झालं तेव्हा फोरमननी मुलीला गाडी दिली आणि जावयाला सांगितलं, "ही चालवायची नाही. ती चालवेल. तुम्ही मागे बसा." जावयाने ते कधी विसरलं नाही. तेव्हापासून दोघं एकमेकांना पाण्यात पाहत आले होते. ठकी मध्ये होती म्हणून निभावलं.

आता ठकी नव्हती आणि घर माणसांनी भरलं होतं. त्या भरल्या घरात फोरमन सर्वांसमोर म्हणाले, "कोरड्या इंजिनावर पाठवली माझ्या पोरीला. घरात नवरा असून तेल बघता आलं नाही."

फरशीवाल्याने तिथल्या तिथे परतफेड केली. "ज्याला सुईत दोरा ओवता येत नाही, त्याने बांधलेलं इंजिन होतं ते. तेलावर कशाला खापर फोडता?"

कोणीतरी "अहो, ही वेळ आहे का" म्हणालं. दोघांनाही वाटलं की ते दुसऱ्याला म्हटलं.

हे काही रागाच्या भरात निघून गेलेलं बोलणं नव्हतं. फरशीवाल्याच्या मनात ते रुतून बसलं. आदल्या वर्षी फोरमननी इंजिनाचं पोट स्वतः उघडून आतली पीन बदलली होती, तेव्हाच त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. म्हाताऱ्याच्या हातून चुकलं होतं, यात त्याला शंका नव्हती. त्याला फक्त म्हाताऱ्याच्या तोंडून ते ऐकायचं होतं. माझ्या हातून चुकलं, एवढंच. ते ऐकल्याशिवाय त्याला घरात नीट श्वास घेता येत नव्हता. तो जेवायला बसला की हेच, पडला की हेच.

काही दिवसांनी फोरमनची बहीण, म्हणजे ठकीची आत्या, निरोप घेऊन आली. आत्याचा स्वभाव असा की निरोप जसाच्या तसा द्यायचा, वर मीठ लावून.

"दादा म्हणतोय, इंजिन उघडायचंय. नवा रॉड त्याच्याकडे आहे, बसवायचाय. यायचं असेल तर या म्हणतोय. नंतर बोंब नको, की म्हाताऱ्याने मागच्या मागे काही बदललं."

"आणि हात कोणाचे? त्यांचे तर थरथरतात."

"म्हणून तर बोलावतोय. लाडाने नाही बोलावत, एवढं लक्षात ठेव."

तो गेला. त्यालाही तेच हवं होतं. आपल्या डोळ्यांदेखत उघडलं तर नंतर पळवाट नाही.

शेडमध्ये एकच खिडकी होती, पण मोठी, थेट कामाच्या टेबलावर उजेड पडायचा. टेबलाला जस्ताचा पत्रा ठोकलेला. भिंतीवर पाने टांगलेले आणि प्रत्येक पान्याच्या मागे त्याचा आकार रंगाने काढलेला, म्हणजे कोणता पाना जागेवर नाही ते दारातून कळावं. गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. हँडल वाकलेलं, टाकीला पोचा. फरशीवाल्याने तिकडे फार वेळ पाहिलं नाही. फोरमन स्टुलावर बसले होते. त्यांनी जावयाकडे तोंड न वळवता म्हटलं, "या, जावईबापू. घमेलं घ्या. आधी तेल काढा. तुमचंच आधी उघडू."

फरशीवाल्याने घमेलं खाली सरकवलं आणि खालचा बोल्ट फिरवला. तेल आलं. जाड धार आली आणि येतच राहिली. घमेलं भरत आलं तरी धार तुटेना. फोरमननी दोन बोटं त्यात बुडवली, अंगठ्यावर चोळली, नाकाला लावली. बराच वेळ चोळत राहिले.

"कसं आहे?" फरशीवाल्याने विचारलं.

"आहे."

"किती आहे?"

"भरलेलं आहे," फोरमन पुटपुटले.

"मोठ्याने बोला. आत्यांना ऐकू गेलं नाही."

आत्या दारात पायरीवर बसली होती. "मला सगळं ऐकू येतं रे बाबा," ती म्हणाली, "नको असतं ते सुद्धा."

फोरमननी बोटं फडक्याला पुसली. दुसरा माणूस असता तर दोन शब्द बोलला असता. त्यांनी नुसता हात पुढे करून भिंतीवरचा पाना दाखवला. "तो नाही. त्याच्या शेजारचा. फरशी नाही ही, थापट्या मारून बसवायला."

मग काम सुरू झालं. फोरमन सांगायचे, फरशीवाला करायचा. वरचं डोकं उतरलं, सिलिंडर वर ओढून काढला. पिस्टन अर्ध्यावरच अडकून उभा होता, हलवला तर हलेना. प्रत्येक नट काढला की फोरमन तो हातात मागून घ्यायचे, बोटांनी चाचपायचे आणि डब्यात टाकायचे. मध्येच टोमणा. "तेवढा जोर कशाला? आटे तुमच्या बापाचे आहेत का?" यावर फरशीवाला म्हणाला, "बापाचे असते तर नीट बांधलेले असते." फोरमननी पुढचा नट मागून घेतला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू.

इंजिनाचं पोट दोन भागांत उघडलं आणि आतली लोखंडी चाकं बाहेर आली. दोन जड चाकं, मधल्या एका पिनेने जोडलेली, आणि त्या पिनेवर कनेक्टिंग रॉड. पिस्टनची वरखाली धाव हा रॉड पिनेला देतो आणि पीन चाकांना फिरवते. फरशीवाल्याने ते सगळं उचलून टेबलावर ठेवलं. रॉडचं खालचं मोठं टोक तापून निळं पडलं होतं. निळं, कडेला जांभळं. पिनेला ते असं चिकटलं होतं की हातोड्याच्या मुठीने ढकललं तरी तसूभर सरकेना.

"रंग कसा आहे?" फोरमननी विचारलं.

"निळा."

"मग तेल पोचलं नाही तिथे."

"खाली घमेलंभर होतं, आणि तिथे पोचलं नाही," फरशीवाला म्हणाला. त्याचा आवाज वर गेला. "का नाही पोचलं, मामा? पिनेला तेलाचं भोक असतं ना? ते चाकाच्या भोकासमोर आलं पाहिजे ना? कोणी बसवली होती ती पीन?"

"मी."

"दिसत होतं तुम्हाला तेव्हा?"

"काढा पीन," फोरमन म्हणाले. "काढा आणि बघा."

पीन काढणं सोपं नव्हतं. मोठे नट, वर वाकवलेल्या पट्ट्या, मग पुलर लावून चाक ओढायचं. फरशीवाल्याच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. आत्याने चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. शेवटी काहीतरी कडाडलं आणि चाक सुटलं.

तो खिडकीपाशी गेला. चाकाच्या तोंडावर एक भोक होतं, पिनेच्या टोकाला एक. पिनेवर, बसवल्यावर जागेची खूण म्हणून पंचने मारलेला बारीक ठिपका. चाकावरही तसाच ठिपका. त्याने पीन परत तिच्या जागी धरून पाहिली. मग उलटून पाहिली. मग पुन्हा.

फोरमन स्टुलावरून उठले नव्हते. पण त्यांचे हात गुडघ्यांवर घट्ट बसले होते. "भोक भोकासमोर आहे का?" त्यांनी विचारलं. "मला दिसत नाही. तुम्ही सांगाल ते मला मान्य करावं लागेल. म्हणून सांगा."

नाही म्हणता आलं असतं. तिथे दुसरं कोणी पाहणारं नव्हतं, आत्याला भोक आणि खाच सारखीच. नुसतं 'नाही' म्हटलं की तो ज्यासाठी आला होता ते झालं असतं. फरशीवाल्याने पीन मुठीत धरली.

"आहे," तो म्हणाला.

"मोठ्याने बोला."

"आहे! समोरासमोर आहे. केसभर इकडे तिकडे नाही. झालं समाधान?"

फोरमननी मान हलवली, पण समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. तेल भरलेलं होतं. पीन नीट होती. तरी रॉड जळाला होता. दोघं एकमेकांवर धरलेली बोटं तशीच धरून बसले, आणि बोटांना टेकायला जागा उरली नाही.

"तार घाला पिनेत," फोरमन म्हणाले.

फरशीवाल्याने बारीक तार पिनेच्या भोकातून आत सारली. ती मध्येच अडली. त्याने फिरवली, ओढली. तारेच्या टोकाला चिकटून एक तुकडा बाहेर आला. नखाएवढा, रबरासारखा, पीळ पडलेला.

"काय आहे? द्या इकडे." फोरमननी तो बोटांत धरला, ताणला, मग दाढेखाली धरून चावून पाहिला. "शेंबूड," ते म्हणाले.

सिलिकॉनला ते शेंबूड म्हणायचे. नळीतून पिळायचं, फटीला लावायचं, सुकलं की रबर होतं. इंजिनाची दोन तोंडं जोडताना मध्ये कागदाचं पॅकिंग मापाने कापून घालायचं, ही फोरमनची रीत. पॅकिंग कापायला वेळ लागतो आणि थोडं तेल झिरपतंच. आजकालचे मेकॅनिक सिलिकॉन फासतात, तेल झिरपत नाही, गिऱ्हाईक खूश. पण जास्त लावलं तर आतल्या बाजूला लोंबतं, तुटतं आणि तेलाबरोबर फिरत जाऊन भोक बुजवतं. या शेडमध्ये ती नळी आणायला बंदी होती.

"हा तुमच्या धंद्यातला माल," फोरमन म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "न्हाणीघराच्या कोपऱ्यात भरता ना तुम्ही?"

"धंदा माझा. पण तुमच्या इंजिनाला मी आजवर हात लावलेला नाही. तुम्ही लावू दिलात कधी?"

हे खरं होतं आणि फोरमनना ते माहीत होतं. ते उठले, टेबलाच्या कडेने चाचपत इंजिनाच्या उरलेल्या भागापाशी आले आणि तेलाच्या पंपाचं झाकण शोधलं. "हे उघडा."

फरशीवाल्याने चार स्क्रू काढले. झाकण सुटेना, त्याने चाकूचं पातं घातलं, तेव्हा ते चिकट आवाज करत निघालं. कागदाचं पॅकिंग नव्हतं. झाकणाच्या कडेने सगळीकडून सिलिकॉनची रेघ होती. मळकट पांढरी. न्हाणीघराला तो हाच रंग वापरायचा, त्याच्याच पेटीतली नळी. बाहेरच्या बाजूने रेघ बोटाने ओढून गुळगुळीत केलेली, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून करतात तशी. ते त्यानेच शिकवलं होतं, घरातला ओटा बसवताना. बोट त्याचं नव्हतं. त्याचं बोट जाड, ही खूण बारीक होती.

गाडी त्यांच्या घरात पुढच्या खोलीत उभी असायची, त्याने स्वतःच्या हाताने घातलेल्या पांढऱ्या फरशीवर. रोज सकाळी खाली तेलाचा डाग. तो रोज पुसायचा आणि रोज बोलायचा. एकदा म्हणाला होता, या घरात एक तर गाडी राहील नाही तर मी. मग एक दिवस डाग पडायचा बंद झाला. तो म्हणाला, बघ, मनावर घेतलं की होतं. ती हसली होती. डाग गेल्यावर त्याने गाडीकडे पुन्हा पाहिलंही नव्हतं.

फोरमननी झाकण त्याच्या हातातून घेतलं आणि कडेवरून अंगठा फिरवला. एकदा सगळीकडून. मग पुन्हा उलट्या दिशेने. अंगठा एका जागी थांबला. आपण बसवलेलं पॅकिंग कोणी काढलं, हे झाकण उघडायचं धाडस कोणाला झालं, हे विचारायची त्यांना गरज नव्हती. हे झाकण उघडायला त्यांनी एकाच माणसाला शिकवलं होतं.

"ठकीने..." फरशीवाल्याने तोंड उघडलं.

"तोंड सांभाळ."

लग्नापासून फोरमननी त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. टोमणे मारायचे तेही अहोजाहोत.

"मामा, हे बघा, हे झाकण..."

"मी लावलं ते," फोरमन म्हणाले. "पॅकिंग संपलं होतं. कापायचा कंटाळा आला. मी लावलं. माझ्या हातून चुकलं. ऐकलंस? हेच ऐकायला आला होतास ना? जा, सांग सगळ्यांना."

फरशीवाला त्यांच्याकडे बघत राहिला. इतके दिवस ज्या वाक्यासाठी तो दातओठ खात होता, ते वाक्य त्याच्या पुढ्यात पडलं होतं, आणि ते खोटं होतं.

"तुम्ही? तुम्ही शिवतसुद्धा नाही त्याला."

"शिवलो एकदा."

"नळी कुठून आणली?"

"दुकानातून."

"कोणत्या रंगाची?"

फोरमन थोडे अडखळले. "काळ्या."

"हे पांढरं आहे, मामा."

"मग पांढऱ्या."

"तुम्ही लावलेलं नाही हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. कशाला उगाच..."

"तुला काय पाहिजे मग?" फोरमन ओरडले. आत्या दारात उठून उभी राहिली. "मी चुकलो म्हणायला हवं होतं, म्हटलं. ते पुरत नाही? तिचं नाव हवंय तुला? माझ्या शेडमध्ये, तिच्या गाडीपुढे उभा राहून तिचं नाव घेणार? घे बघू. घे आणि चालत बाहेर जाऊन दाखव."

आत्या म्हणाली, "दादा, अरे गल्ली ऐकतेय."

"ऐकू दे. गल्लीलाही सांगायचंच आहे."

फरशीवाल्याने नाव घेतलं नाही. आणखी काही म्हणायचं असतं तर त्याला फरशीवरच्या डागापासून सुरुवात करावी लागली असती. फोरमननीच कपाटातून पिनेसकट नवा रॉड काढला, ग्रीस लावून तेलकट कागदात गुंडाळलेला, आणि टेबलावर आदळला. "उभा काय राहिलास? बसव."

नवी पीन, नवा रॉड. रॉकेलने धुवून, तेल लावून. फरशीवाल्याने पिनेचं भोक चाकाच्या भोकासमोर धरलं, तार आरपार घालून पाहिली, मग दाबून बसवलं. दुसरं चाक वर चढवलं. नट आवळायला लांब दांड्याचा पाना लागला आणि दोघांचा जोर. दोघं एकाच दांड्याला लोंबकळले, खांद्याला खांदा, आणि एकाने दुसऱ्याकडे पाहिलं नाही. फोरमनच्या श्वासाची शिट्टी त्याच्या कानाशी वाजत होती.

शेवटचं काम उरलं. दोन चाकं एका रेषेत फिरली पाहिजेत. त्यासाठी चाकं दोन टोकांवर टांगून फिरवायची, डायल गेजचा काटा किती हलतो ते बघायचं आणि जिथे बाहेर गेलं असेल तिथे तांब्याच्या हातोड्याने ठोका द्यायचा. ठोका किती द्यायचा ते फोरमनच्या हाताला माहीत होतं, थरथर असली तरी ठोक्याला हात स्थिर व्हायचा. पण काटा त्यांना दिसत नव्हता.

फरशीवाल्याने चाकं फिरवली. काटा डावीकडे गेला, उजवीकडे गेला.

फोरमननी हातोडा उचलला. "कुठे?"

फरशीवाल्याने चाकं हाताने थांबवली.

"कुठे मारू, सांग."

"आधी खरं बोला," तो म्हणाला. "फक्त मला. बाहेर काय सांगायचं ते सांगा. इथे परकं कोणी नाही."

"खरंच बोललो."

"मी काही तुमच्या पोरीला..."

"कुठे मारू?" हातोडा तसाच वर होता आणि आता हात थरथरत होता. "जागा दाखव, नाही तर निघ."

फरशीवाल्याने गेजचा स्टँड चाकापासून लांब सरकवला. फडक्याला हात पुसले, फडकं टेबलावर टाकलं, आणि आत्याच्या बाजूने वाट काढत बाहेर पडला. मागून हातोडा पत्र्यावर आपटल्याचा आवाज आला. मारला की पडला ते त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोरमननी गल्लीभर सांगितलं. दुकानात, बसच्या थांब्यावर, जो समोर येईल त्याला. माझ्या हातून झालं, मी कंटाळा केला, पोर माझ्यामुळे गेली. संध्याकाळपर्यंत ते फरशीवाल्याच्या थोरल्या भावापर्यंत पोचलं आणि भाऊ घरी आला.

"म्हणजे तू म्हणत होतास तेच खरं," भाऊ म्हणाला. "फोरमन स्वतः कबूल करतोय. आता तरी मनाला शांत कर."

फरशीवाल्याने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

"अरे, तू होतास ना तिथे? तूच उघडलंस ना? खरं आहे ना ते?"

"इंजिनातलं मला काय कळतं," फरशीवाला म्हणाला.

भावाने त्याच्याकडे चमकून पाहिलं, आणि माणूस अजून धक्क्यातून सावरला नाही असं समजून विषय बदलला. पुढच्या आठवड्यात आणखी दोघांनी विचारलं. त्यांनाही त्याने तेच सांगितलं. हो म्हटलं तर म्हाताऱ्याचं खोटं त्याचंही झालं असतं. नाही म्हटलं तर पुढचं वाक्य ठकीचं आलं असतं, आणि त्याच्या पुढचं त्याचं स्वतःचं.

नंतर एकदा आत्या दारापर्यंत येऊन गेली. आत आली नाही.

"दादा म्हणतोय, काटा वाचायला माणूस पाहिजे. दुसरा कोणी मिळाला तर बघतो म्हणतोय."

"बघा म्हणावं."

"एवढंच सांगू?"

"एवढंच."

दुसरा कोणी मिळालेला नाही. फोरमनच्या हाताखाली उभं राहायला कोण तयार होणार? शेडमध्ये टेबलावर दोन चाकं फडक्याखाली ठेवलेली आहेत, मध्ये नवा रॉड बसवलेला आहे. पंपाच्या झाकणाचं पॅकिंग कापलेलं नाही. चाकं सरळ करायची राहिली आहेत.